रक्ताची साक्ष

मद्यपी मनुष्य आपल्या पेल्यांची खरी संख्या डॉक्टरांस सांगत नाही, हा अनुभव जुनाच आहे. ‘कधीमधी, सणासुदीला’ हे ठरीव उत्तर ऐकून डॉक्टरही पुढचा प्रश्न टाळतात. सुशिक्षितांच्या घरी असले काही विचारणे अशिष्ट ठरते ना! तेव्हा रक्तानेच बोलावे ही अपेक्षा स्वाभाविक होय, आणि विज्ञानाने ती पुष्कळ अंशी पुरी केली आहे.

पोलिसांची श्वासपरीक्षा त्या रात्रीपुरते बोलते. नव्या चाचण्या आठवड्यांचा हिशेब मांडतात. लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे ‘सीडीटी’ नामक बदललेले रूप, दोनेक आठवडे रोज ५० ते ८० ग्रॅम अल्कोहोल पोटात गेल्यावर बहुधा वाढते. ब्रिटनमध्ये मद्यपानाच्या गंभीर गुन्ह्यात परवाना गमावलेल्या चालकांस तो परत देण्यापूर्वी हीच चाचणी घेतात. ‘पेथ’ हे द्रव्य तर अल्कोहोलवाचून शरीरात तयारच होत नाही, आणि दोन ते चार आठवडे रक्तात सापडते.

परंतु आपल्याकडे सर्रास तपासले जाते ते ‘जीजीटी’. हे यकृतातील विकर मद्याने वाढते हे खरे. तसेच ते यकृतावर चरबी साचल्याने, स्थूलपणाने, मधुमेहाने आणि अपस्माराच्या फेनिटॉइनसारख्या औषधानेही वाढते. बैठ्या कामाने पोट सुटलेल्या आणि साखरेने ग्रासलेल्या आमच्या शहरांत, आयुष्यात थेंबही न चाखलेल्या गृहस्थाच्या अहवालावर हा आकडा ठळक अक्षरांत उमटला, तर त्यात नवल ते काय? उलट, रोज पिणाऱ्या कित्येकांचा आकडा मात्र साळसूदपणे मर्यादेत राहतो. अतिसूक्ष्म चाचण्यांचाही धोका आहेच. लघवीतील ‘ईटीजी’ हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाने वा गुळण्यांच्या औषधानेही दिसू शकते; म्हणून केवळ तिच्या आधारे कोणावर कारवाई करू नये, असा इशारा अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००६ मध्ये दिला होता.

आम्ही मद्यप्यांची वकिली करीत नाही. बस हाकणारा शुद्धीवर असावा, हा प्रवाशांचा हक्कच आहे. परंतु डॉक्टरांच्या टेबलावर जो आकडा संभाषणाचा प्रारंभ ठरावा, तोच व्यवस्थापकाच्या टेबलावर निकालपत्र होऊन बसला, तर एका कुटुंबाची भाकरी जाते आणि खरा मद्यपी पुढच्या खेपेस तपासणीलाच चुकवितो. आमच्या मते पहिला अहवाल त्या मनुष्याच्या व त्याच्या डॉक्टरांच्याच हाती पडावा. संशय उरल्यास अल्कोहोलशीच निगडित अशी दुसरी चाचणी करावी, तिचा खर्च मालकाने सोसावा आणि निर्णय होईतो पगारास हात लावू नये. ‘पेथ’ची चाचणी गल्लीतल्या प्रयोगशाळेत होत नाही, महाग पडते, ही सबब पुढे येईलच. रक्ताचा नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे धाडता येतो, आणि तो धाडण्याची व्यवस्था करणे कोणत्याही सुस्थित कारखान्यास जड जाऊ नये.