एवढासा ‘गेट’
इंग्रजीतला ‘गेट’ (get) हा शब्द जन्माने परका. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आला. त्याचे अस्सल इंग्रजी भावंड आज ‘फर्गेट’मध्ये सापडते. मूळ अर्थ मिळवणे, पण संसार केवढा वाढला! ‘गेट अ लेटर’ म्हणजे पत्र मिळणे, ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणे, ‘गेट टायर्ड’ म्हणजे थकणे आणि ‘आय गेट इट’ म्हणजे कळले. पुढे ‘अप’ जोडले की उठणे, ‘ओव्हर’ जोडले की सावरणे, ‘अलाँग’ जोडले की जुळवून घेणे. आपली अनेक हुशार मुले मात्र या शब्दाला बिचकतात आणि ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ असे जड शब्द वापरत अडखळत बोलतात, कारण त्यांच्याकडून ‘गेट म्हणजे मिळवणे’ एवढेच पाठ करून घेतलेले असते. आपल्या मराठीतल्या ‘लागणे’चेही तसेच: भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, डोळाही लागतो. यातले काहीच आपण यादी घोकून शिकलो नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती: ‘गेट’सुद्धा सुटा शिकवू नका, रोजच्या बोलण्यातल्या अख्ख्या वाक्यांतून शिकवा.