धोट्याला कुणाचं तोंड लागलं?

रात्रपाळी संपवून, कानात रिंगांची घरघर घेऊनच मी सोमवारी गावातल्या इतिहास संग्रहालयात हजर झालो. उन्हाळ्याचे दोन महिने, बिनपगारी इंटर्नशिप. माझी दहावी हुकलेली, तरी घेतलं. कारण गिरणीचे सुटे भाग ओळखणारा माणूस त्यांना पाहिजे होता. हात आमचे, इतिहास त्यांचा. हा धंदा जुनाच आहे.

पहिलं काम दिलं : मुंबईच्या बंद गिरणीतून आलेला धोटा पुसून काचपेटीत ठेवायचा. पाटी तयारच होती. 'विणकराचा धोटा : आपल्या श्रमसंस्कृतीचा वारसा.'

आपल्या? कुणाच्या आपल्या?

दोस्तांनो, हा धोटा नीट बघा. कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचा. एका धोट्याला चारजणांचं तोंड लागायचं. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला साळखात्याचं दार बंद. विटाळ होतो म्हणे! पगार जास्त साळखात्यात, आणि आमची माणसं ढकलली रिंगखात्यात. म्हणजे विटाळ तोंडाचा आणि मार पोटाला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना ही मागणी लावून धरावी लागली, आणि ती नुसती मालकांपुढं नाही, संपाच्या पुढाऱ्यांपुढंसुद्धा! कामगार सगळे एक, पण धोटा वेगळा.

मी म्हणालो, "सर, हे पाटीवर येऊ द्या."

सर म्हणाले, "अरे, कशाला जुनं उकरतोस? इथं शाळेची पोरं येतात."

वा! जुनं उकरायचं नाही, तर संग्रहालय कशाला उघडलंत? जुनं यांना हवंच आहे, पण धुऊन, पुसून, सोवळ्यात. आणि त्या शाळेच्या पोरांत आमची पोरं नाहीत काय? आपला पणजा रिंगखात्यातच का मेला, हे त्यांनी कुणाला विचारायचं? काचेला?

काही मित्र म्हणतात, लाथ मार आणि ये निघून. नाही मारणार. मी निघालो की पाटी तशीच राहते. दोन महिने रोज एक नवी पाटी लिहून सरांच्या टेबलावर ठेवीन. फाडली तर दुसरी लिहीन.

तुम्ही एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा : कुठल्या खात्यात होता? का होता? लिहून ठेवा. नाहीतर उद्या आपली हाडंही काचेत मांडतील, आणि खाली लिहितील, 'आपला वारसा.'