एम-थ्री कोण शिकवणार?



दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलाबद्दल आपल्याच वस्तीत हमखास ऐकू येतं : "बारावी झेपली नसती, म्हणून डिप्लोमा केला." हे चूक आहे. नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतल्या कित्येक घरांचा हिशेब वेगळा असतो. पोरगं अठरा-एकोणीसला कमावतं व्हावं, आणि बारावी-सीईटीच्या क्लासची फी तर नसतेच.

डिप्लोमानंतर थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीईटी नाही, डिप्लोमाचे गुण चालतात. मंजूर क्षमतेच्या दहा टक्के जादा जागा, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. माटुंग्याच्या व्हीजेटीआयलाही याच वाटेने जाता येतं. मुलाला जागा मिळते, आपण ग्रुपवर फोटो टाकतो, पेढे वाटतो आणि त्याला सोडून देतो.

मग येतं एम-थ्री. लाप्लास, फूरिए. ज्याच्यावर हे उभं आहे ते पहिल्या वर्षाचं गणित त्याने केलेलंच नसतं. प्रवेशफेऱ्या लांबतात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाला दोनदा केटी लागली. हाच मुलगा चाळीतल्या पाण्याच्या पंपाची मोटर खोलून, वाइंडिंग तपासून पुन्हा बसवतो. वर्गात त्याच्यावर दोन शिक्के : कोट्यातला आणि डिप्लोमावाला. जे शिकवलंच नाही त्यात नापास झाला, तर ती कसली गुणवत्तेची कसोटी? पण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या केटी बघतात, मोटर बघत नाहीत.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसतं कला आणि कायद्याचं शिक्षण पुरणार नाही, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. आपल्या अभ्यासिकांची कपाटं मात्र एमपीएससीच्या गाइडांनी भरलेली. (मीही समाजशास्त्रवाला, त्यामुळे हा दोष माझाही.)

कॉलेजांकडे ब्रिज कोर्स मागायलाच हवा, ती फी घेतात. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत एक बॅच हातची जाते. डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात पहिल्या वर्षाचं गणित होऊ शकतं. आपल्यातले किती इंजिनीअर आज ठाणे-ऐरोलीला नोकरी करतात! जयंतीची वर्गणी ते न चुकता देतात. त्यांच्याकडे या वेळी वर्गणीऐवजी रविवार मागू या. आणि हो, जात पडताळणीचा अर्ज डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षालाच टाका, फेरी सुरू झाल्यावर धावू नका.

आमच्या विहारात खोली आहे, फळा आहे. रविवारी दहा ते बारा. नऊ मुलांनी नावं दिलीत. शिकवणारे दोघे हवेत.