यवतमाळचा कापूस आणि आपल्या मागण्या

यवतमाळ जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात. 'आत्महत्याग्रस्त' हे विशेषण शासकीय कागदपत्रांतही इतके रुळून गेले आहे की, हा जिल्हा निसर्गानेच टाकून दिलेला असावा, असा समज दूरवरच्या सहानुभूतीदारांचाच नव्हे, तर आपल्या कार्यकर्त्यांचाही होऊन बसला आहे. हा समज खरा नाही. यवतमाळात वर्षाकाठी सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापुरात तो साडेपाचशे-सहाशेच्या घरात असतो आणि तरीही तेथे उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे आहेत. ईशान्येकडे वर्धा, दक्षिणेकडे पैनगंगा. दोहोंच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन. मधल्या पठारावर मात्र उथळ, मुरमाड माती आणि सागाचे जंगल. सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा हा विस्तीर्ण जिल्हा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ अठ्ठावीस लाख माणसे, पाचांपैकी चार खेड्यांत राहणारी. या भूमीला दरिद्री म्हणण्याचे धाडस भूगोलाचा कोणताही विद्यार्थी करणार नाही.

मग दारिद्र्य आले कोठून? त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. १८५३ साली निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. ज्वारीच्या जमिनीवर कापूस पसरू लागला. पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून १८६५ च्या नियमांनुसार ओसाड गावेच्या गावे मक्त्याने देण्यात आली. जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावांपुढे आजही 'इजारा' हा शब्द लागतो, तो त्या व्यवहाराची खूण म्हणून. ज्याच्यापाशी भांडवल होते त्याला गाव मिळाले. ज्याच्यापाशी कुऱ्हाड आणि नांगर होता तो त्या गावात कूळ झाला.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची रेल्वे, म्हणजे लोकांची 'शकुंतला', विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने घातली. तिच्याविषयी हळव्या आठवणी लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती हे खरे, आणि गोरगरिबांना स्वस्त प्रवास घडवीत होती हेही खरे. परंतु ती घातली गेली कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठी. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. ब्रिटिश राज्य गेले तरी मालाची दिशा बदलली नाही, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे शोधण्याची गरज नाही.

एक क्विंटल कापूस जिनमध्ये घातला तर साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल आणि ढेप, रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचे कपडे: या प्रत्येक पायरीवर मोल वाढत जाते. जिल्ह्यात राहते ती पहिलीच पायरी. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने येथे शंभर वर्षांपासून आहेत, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचा मोठा कारखानाही आहे. परंतु जिल्ह्यात पिकणाऱ्या कापसाच्या मानाने हे सारे तुटपुंजे आहे. वणी भागात कोळसा सापडला, त्याचीही तीच गत झाली. वॅगन भरून कोळसा बाहेर, धूळ येथे.

राजकीय सत्तेचा अभाव होता, असेही म्हणता येत नाही. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसदचे आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री झालेले सुधाकरराव नाईकही पुसदचेच. त्याच पुसद तालुक्याच्या सीमेवर पैनगंगेवर इसापूर येथे मोठे धरण झाले. त्याच्या पाण्याचा मोठा वाटा नांदेड-हिंगोलीकडे जातो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला पाणी मिळाले याचे दुःख करण्याचे कारण नाही, तो आपलाच भाऊ आहे. पण वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा अनुशेष आकड्यांनिशी मांडला, त्यानंतरही यवतमाळची बहुतांश शेती आकाशाकडे पाहतच राहिली, याचा जाब विचारायला हवा होता. आपण तो पुरेशा जोराने विचारला नाही.

१९७२ च्या हंगामापासून आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेबाबतही आपण प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. व्यापाऱ्याच्या तावडीतून कापूस सुटावा, हे तत्त्व आपल्याला मान्यच होते. प्रत्यक्षात प्रतवारीत लबाडी झाली, चुकारे महिनोन्महिने थकले आणि सीमेपलीकडे आदिलाबादेत भाव बरा असेल तेव्हा कापूस रात्रीतून पैनगंगा ओलांडू लागला. तत्त्वाचा कैवार घेताना त्याच्या अंमलबजावणीकडे आपण डोळेझाक केली. म्हणूनच पुढे योजना मोडीत निघाली तेव्हा तिच्यासाठी रस्त्यावर उतरणारा शेतकरी सापडला नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवन संपविले, तेव्हा ही योजना चालू होती आणि 'उदारीकरण' हा शब्द प्रचारात यायचा होता. सगळा दोष १९९१ च्या माथी मारून मोकळे होणाऱ्या वक्त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

१९९१ नंतर मात्र फास आवळला गेला, हेही तितकेच खरे. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली. हे बियाणे संकरित, त्यामुळे घरचे बी राखण्याची सोय संपली आणि दर हंगामाला दुकानाची पायरी चढणे आले. कालांतराने गुलाबी बोंडअळीने या बियाण्यालाही दाद दिली नाही. फवारण्या वाढल्या. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंडलेली, तोंडाला फार तर एखादा रुमाल.

या मजुराचे नाव सातबाऱ्यावर नाही. मूळ प्रश्न येथे येतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. २००८ मध्ये कर्जमाफी झाली. त्या कर्जमाफीत दोन हेक्टरांची रेघ ओढली गेली आणि कोरडवाहू आठ एकरांचा धनी, जो बागायती दोन एकरवाल्याहून गरीब असतो, संपूर्ण माफीच्या बाहेर राहिला. याविरुद्ध आपण बोललो, ते योग्यच झाले. पण ज्याच्यापाशी आठ एकरही नाहीत आणि जो मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याची जमीन कसतो, त्याला बँकेचे पीककर्जच नव्हते. मग माफी कशाची? त्याचे कर्ज सावकाराच्या वहीत. किलोच्या दराने कापूस वेचणाऱ्या बाईचा आणि केळापूर-झरी भागातील पोडांवर राहणाऱ्या कोलामाचा उल्लेख आपल्या ठरावांच्या शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि तोही नेहमी नव्हे. याच जिल्ह्यात १९३० साली बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रह झाला. रानावरचा हक्क हा येथील चळवळीचा पहिला धडा होता आणि आपण तो विसरलो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क उठविले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. ऐन वेचणीचा हंगाम तो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला, परंतु तो मिळविण्यासाठी मोबाइलवर नोंदणी आणि जमिनीची कागदपत्रे आवश्यक. मक्तेदाराने कापूस पिकवायचा आणि विकायचा मात्र जमीनमालकाच्या नावावर, नाहीतर खेडा खरेदीला आलेल्या दलालाला, तो सांगेल त्या भावाने.

तेव्हा यापुढे हमीभावाच्या मोर्चात आणखी तीन मागण्या जोडाव्यात, अशी माझी सूचना आहे. प्रत्यक्ष कसणाऱ्याची गावपातळीवर नोंद होऊन तिच्या आधारे खरेदी, पीककर्ज आणि विमा मिळावा. वेचणी आणि फवारणी यांचे किमान दर ठरावेत, आणि फवारणाऱ्या मजुराच्या संरक्षक साधनांची व विषबाधेच्या भरपाईची जबाबदारी औषध विकणाऱ्या कंपनीवर असावी. सरकी आणि सूत यांवरील प्रक्रिया तालुक्याच्या ठिकाणी व्हावी; पूर्वीच्या सहकारी सूतगिरण्या ज्या संचालकशाहीने बुडाल्या, ती टाळण्यासाठी तेथे कामगार आणि वेचणाऱ्या बायांचे प्रतिनिधी हवेत. पहिल्या मागणीला आपल्याच काही जमीनधारक कार्यकर्त्यांचा विरोध होईल, हे मी जाणतो. मक्त्याने दिलेली जमीन कागदावर येण्याची भीती त्यांच्याही मनात आहे. ती चर्चा तालुका बैठकांत उघडपणे व्हावी, आणि पेरणीपूर्वी व्हावी.