माप कुणाच्या हातात?

नवीन सेमिस्टर सुरू झालं की मेसच्या टेबलावर एकच विषय असतो. फायनल इयरचा प्रोजेक्ट! कुणी सीनियरचा जुना रिपोर्ट शोधतो, तर कुणी तयार प्रोजेक्टचा भाव काढतो. यंदा आम्हा सिव्हिलच्या चौघांनी वेगळा विषय सुचवला : तलासरी तालुक्यातल्या झरी परिसरात, ग्रामसभेला हवं असेल तर, वनहक्काच्या दाव्यातली शेतं मोजून द्यायची. लगेच सल्ला आला, "अरे, ते राजकारण आहे. त्यापेक्षा बंधाऱ्याचं डिझाइन घ्या!"

राजकारण आहे, हे कबूल. पण म्हणून सोडून द्यायचं का?

झरी हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? २३ मे १९४५ रोजी या गावात हजारो वारली जमले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने ही परिषद बोलावली होती. वेठ करायची नाही, असं तिथं ठरलं. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. म्हणजे किती वजनाला किती दाम, हा हिशोब तोवर मालक करायचा, तो आता कापणारा मांडू लागला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. एका मापाची किंमत एवढी असू शकते, मित्रांनो!

आजचा प्रश्नही मापाचाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिचा हक्क मिळतो. तोही प्रत्यक्ष कब्जाएवढाच आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. त्यामुळे दाव्यात जागेवरच्या मापाला फार महत्त्व येतं. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत आले, तेव्हा त्यांच्या प्रमुख मागण्यांत या कायद्याची अंमलबजावणी होती.

आता आपल्या अभ्यासाकडे या. हातातला साधा जीपीएस मोकळ्या जागीही ३ ते ५ मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून जास्त. एक एकराच्या चौकोनी शेताची बाजू सुमारे ६४ मीटर. लांबी आणि रुंदी प्रत्येकी ४ मीटर कमी भरली, की जवळजवळ ५ गुंठे गेले! व्हायवाला आपण याला 'एरर' म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. कसणाऱ्याच्या घरात ते काही महिन्यांचं भात असतं.

म्हणून आमचा प्लॅन असा. पहिली भेट मशीन न घेता. ग्रामसभेला आणि तिच्या वनहक्क समितीला विचारायचं, तुम्हाला हे हवंय का? नको म्हणाले तर परत यायचं. हो म्हणाले तर दिवाळीनंतर, भात निघून बांध उघडे पडल्यावर जायचं. प्रत्येक शेत टेपने आणि जीपीएसने, असं दोनदा मोजायचं. शेजारचे शेतकरी हजर हवेत. नकाशावर किती मीटर चूक असू शकते ते मराठीत लिहायचं आणि पहिली प्रत दावेदाराला द्यायची. डिपार्टमेंटची फाइल नंतर.

"माप दाव्यापेक्षा कमी आलं तर?" असं सरांनी विचारलं. प्रश्न अवघड आहे. पण आम्ही ते तसंच लिहिणार. आकडा फुगवला तर पुढच्या पडताळणीत अख्खा दावाच संशयात येईल आणि त्याची किंमत आपण नाही, तो शेतकरी मोजेल. मोर्चात जायचं की नाही, कुठला झेंडा धरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. टेप मात्र सरळ धरायची.

आणखी एक. आपल्याच होस्टेलमध्ये तलासरी-डहाणूची मुलं आहेत. गाव विचारलं की "मुंबईजवळ" म्हणून मोकळी होतात. या प्रोजेक्टमध्ये ती आमचे दुभाषे नसतील, तर गाइड असतील. वारलीत बोलणं आणि शेताची हद्द कुठल्या झाडापासून धरायची हे ओळखणं, दोन्ही त्यांना येतं. आम्हाला येत नाही.

बंधाऱ्याचं डिझाइन चांगलंच आहे. ते कुणीतरी जरूर करावं. पण तो बंधारा ज्या शेताला पाणी देणार, ते शेत कुणाच्या नावावर आहे, हे विचारल्याशिवाय इंजिनीअर होऊ नये, एवढंच आमचं म्हणणं. ग्रुपमध्ये अजून दोन जागा आहेत. टेप धरायला माणसं हवीत!