"होऊन जाईल सर"

आयटीत आहे म्हटलं की नातेवाईकांना वाटतं हा दिवसभर कोड लिहितो. कोड कसला, सध्या मी पॉवरपॉइंट लिहितोय! मुंबईच्या एका क्लायंटला नवीन टेम्प्लेट बनवून द्यायचं काम गळ्यात पडलंय. माणूस हुशार, बिलं वेळेवर देतो, पण मागण्या ऐका:

१. नवीन टेम्प्लेट आलं की कंपनीतली जुनी सगळी प्रेझेंटेशन्स आपोआप बदलली पाहिजेत.
२. कोणालाही लोगो हलवता किंवा रंग बदलता येता कामा नये.
३. कितीही मजकूर टाकला तरी तो एका स्लाइडवर मावलाच पाहिजे.

अशा वेळी आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक म्हणजे "होऊन जाईल सर". दुसरं, "टूलचं लिमिटेशन आहे, नाही होणार". माझ्या मते दोन्ही सारखीच वाईट. पहिलं म्हणणारा मॅनेजर मीटिंग संपवून घरी जातो आणि नुकताच कॉलेजातून आलेला पोरगा शनिवारी एकेक स्लाइड हाताने बदलत बसतो. दुसरं ऐकून क्लायंटला वाटतं की यांना काम टाळायचंय. त्याचंही चूक नाही, कारण तुम्ही त्याला कारण सांगितलेलंच नसतं.

कारणं खरं तर अवघड नाहीत. पहिली मागणी घ्या. टेम्प्लेटवरून नवीन फाइल उघडली की त्यातला स्लाइड मास्टर आणि लेआउट यांची प्रत त्या फाइलमध्ये येते, आणि तिथेच संबंध संपतो. झेरॉक्स काढल्यावर मूळ कागदात खाडाखोड केली तर झेरॉक्स बदलते का? तसंच. जुन्या फाइलला नवीन टेम्प्लेट लावता येतं, पण कोणी हाताने बदललेले फॉन्ट, सरकवलेली टेक्स्टबॉक्सं तशीच राहतात. ती निस्तरायला माणूसच लागतो.

दुसरी मागणी. लोगो मास्टरवर ठेवला तर नेहमीच्या स्लाइडवर तो हलत नाही. पण व्ह्यू मेनूतून स्लाइड मास्टर उघडणाऱ्याला कोण अडवणार? रंगांचंही तेच. थीममध्ये १२ रंगांची जागा असते: मजकूर आणि पार्श्वभूमीचे ४, अ‍ॅक्सेंटचे ६, लिंकचे २. ते आपण ठरवून देऊ शकतो. पण त्याच यादीखाली 'आणखी रंग' असतं, आणि ते बंद करायची साधी सोय टेम्प्लेटमध्ये नाही. टेम्प्लेट चांगली सवय सोपी करतं, पहारा देत नाही. पहारा हवा असेल तर वेगळं अ‍ॅड-इन लिहावं लागेल, त्याचे तास वेगळे, बिल वेगळं.

तिसरी मागणी मात्र मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण ती अर्धी पूर्ण होते! ऑटोफिट चालू ठेवा, मजकूर वाढला की अक्षरं आपोआप बारीक होतात. क्लायंट खूश. पण हे काही फक्त दिसण्यापुरतं नाही.

२००३ सालची कोलंबिया दुर्घटना आठवत असेल, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले ती. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आपटला होता. त्याने किती नुकसान झालं असेल, हे इंजिनीअरांनी नासाला स्लाइड्समधून सांगितलं होतं. त्यातल्या एका स्लाइडवर अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ होती: फोमचा तुकडा १९२० घन इंच, चाचण्यांमधला ३ घन इंच. म्हणजे ६४० पट मोठा! शीर्षकावरून मात्र यातलं काहीच कळत नव्हतं. एडवर्ड टफ्टी यांनी हे दाखवून दिलं आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्याची दखल घेतली. अपघात स्लाइडमुळे झाला असं कोणी म्हणत नाही. पण जे सगळ्यात मोठ्याने सांगायला हवं होतं, ते सगळ्यात बारीक अक्षरात गेलं.

म्हणून "मजकूर मावत नाही" ही टेम्प्लेटची तक्रार नसते. टेम्प्लेट सांगत असतं की इथे दोन स्लाइड्स हव्यात, किंवा सरळ वर्डमध्ये दोन पानं लिहा.

हे क्लायंटच्या गळी कसं उतरवायचं? ईमेल लिहू नका. स्क्रीन शेअर करा आणि त्यांनाच टाइप करायला सांगा. आमच्या साहेबांनी स्वतः अकरा बुलेट टाकले, खुर्ची मागे सरकवली आणि डोळे बारीक करून म्हणाले, "हे मागच्या रांगेत कोण वाचणार?" मला एक शब्द बोलावा लागला नाही :-)

मग पर्याय ठेवा, प्रत्येकापुढे तास लिहून. काय फुकट होतं, काय पैसे देऊन होतं, काय होतच नाही. जुन्या फाइलींपैकी रोज वापरातल्या तेवढ्या बदलायच्या, बाकीच्या राहू द्यायच्या, हा निर्णय मग त्यांनीच घेतला. किंमत समोर दिसली की डिमांडिंग माणूससुद्धा हिशेबाने वागतो. "होऊन जाईल" म्हणून आपण त्याच्यापासून किंमतच लपवतो, आणि ती भरतं कोण? तर ज्याला मीटिंगला बोलावलेलंच नसतं तो.

तेव्हा पुढच्या कॉलला "होऊन जाईल" तोंडात येईल तेव्हा आधी एवढंच विचारा, कोण करणार आणि कधी. उत्तर 'शनिवारी' असेल, तर त्या पोराला कॉलवर घ्या.