घरातली बॅटरी, गावाची वीज
राळेगावात छतावरची सौरवीज भर दुपारी तयार होते, घरातली मागणी मात्र दिवेलागणीला वाढते. घरोघरच्या बॅटऱ्या एकत्र जोडल्या तर ही तफावत कमी होईल, असे आमचे ठाम मत आहे. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या कोगन क्रीक वीजकेंद्राचा ७४८ मेगावॅट वीज देत असलेला संच अचानक बंद पडला आणि ग्रिडची वारंवारता घसरली. तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अशाच एकत्र जोडलेल्या घरगुती बॅटऱ्यांनी आपोआप वीज पुरवली. बॅटरी झिजेल, ऐन वेळी घरच अंधारात राहील, ही शंका रास्तच आहे. शिवाय आपला नेहमीचा इन्व्हर्टर ग्रिडला वीज परत देत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. म्हणूनच घरासाठी ठरावीक साठा राखीव हवा, आणि महावितरणने संध्याकाळच्या प्रत्येक युनिटला झीज भरून निघेल असा दर द्यावा. सूर्यघर योजनेचे अनुदान पॅनेलसाठी आहे. साठवणुकीलाही ते मिळाले पाहिजे.